आधी वाचा, मग मोजा

ऑगस्ट २००५मध्ये दोन शोधनिबंध जगासमोर आले. एकाचा दुसऱ्याशी काडीचाही संबंध नव्हता. पहिला होता कॅलिफोर्नियातले भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांचा. संशोधकाचं आयुष्यभराचं काम एका आकड्यात कसं मांडायचं, याची रीत त्यांनी त्यात सांगितली होती. ज्याच्या वीस निबंधांचा इतरांनी प्रत्येकी निदान वीस वेळा संदर्भ दिलाय, त्याचा एच-इंडेक्स वीस. तीस निबंधांचा तीस-तीस वेळा दिला असेल, तर तीस. दुसरा निबंध ‘इम्युनिटी’ या रोगप्रतिकारशास्त्राच्या पत्रिकेत छापून आला. कॅटलिन कारिको या हंगेरीत जन्मलेल्या जैवरसायनशास्त्रज्ञ त्याच्या पहिल्या लेखिका होत्या आणि ड्र्यू वाइसमन हे ज्येष्ठ लेखक. प्रयोगशाळेत तयार केलेल्या आरएनएमुळे पेशींमध्ये दाह का होतो आणि तो कसा टाळता येतो, हे त्यांनी दाखवलं होतं.

हिर्श यांची रीत काही वर्षांतच जगभरच्या नेमणूक समित्यांच्या टेबलावर जाऊन बसली. कारिको यांच्या निबंधाचं मोल सर्वांना कळायला पंधरा वर्षं आणि एक महासाथ लागली.

सायटेशनची, म्हणजे अशा संदर्भांची, मोजणी निरुपयोगी आहे, असं म्हणण्याचं कारण नाही. कोणत्या कल्पनेतून पुढे काय निघालं, हे शोधायला ती फार उपयोगी पडते. अडचण आहे ती वेळेची. नेमणूक, बढती, अनुदान यांचे निर्णय काम कोवळं असताना होतात, आणि संदर्भ जमतात ते काम पसरल्यावर. जे काम जितकं नवं, तितका हा उशीर मोठा. म्हणजे ज्या संशोधकाला आधाराची सर्वांत जास्त गरज असते, नेमका त्याच्याविषयी हा आकडा मुका असतो. कारिको यांच्या कारकिर्दीत हे जितकं लख्ख दिसतं, तितकं क्वचितच कुठे दिसेल. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनी ती कारकीर्द बारकाईने पाहायला हवी, कारण तीच मोजपट्टी इथे कितीतरी अधिक ढिसाळपणे वापरली गेली आहे.

कारिको यांचा जन्म १९५५चा. किशूयसालाश नावाच्या लहानशा गावात त्या वाढल्या; वडील खाटीक होते. शिक्षण सेगेड विद्यापीठात झालं. क जीवनसत्त्वावरच्या कामासाठी आल्बर्ट सेंट-ग्योर्गी यांना १९३७चं नोबेल मिळालं, ते विद्यापीठ हेच. १९८५मध्ये सेगेडच्या संशोधन केंद्रातली नोकरी संपली, तेव्हा पती आणि दोन वर्षांची मुलगी यांच्यासह त्या फिलाडेल्फियाला निघाल्या. देशाबाहेर पैसे नेण्यावर निर्बंध होते. मोटार विकून मिळालेले सुमारे ९०० पौंड मुलीच्या खेळण्यातल्या अस्वलात शिवून त्यांनी सीमा ओलांडली. टेंपल विद्यापीठ आणि मग १९८९पासून पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ हा त्यांचा पुढचा रस्ता.

त्यांच्या डोक्यात एकच विषय होता, मेसेंजर आरएनए. डीएनएमधली एखाद्या प्रथिनाची माहिती घेऊन हा रेणू पेशीतल्या प्रथिन बनवणाऱ्या यंत्रणेपर्यंत जातो, थोडा वेळ टिकतो आणि नष्ट होतो. हाच रेणू बाहेर तयार करून पेशीत सोडला, तर पेशी हवं ते प्रथिन स्वतःच बनवेल, म्हणजे औषध शरीरातच तयार होईल, असं कारिको यांना वाटत होतं. हृदयरोगतज्ज्ञ एलियट बर्नाथन यांच्याबरोबर त्यांनी पेशींकडून तसं प्रथिन बनवून घेतलंही. पण आरएनए हा फार नाजूक रेणू. त्याचं औषध कधी होईल यावर त्या काळी फार थोड्यांचा विश्वास होता. अनुदानाचे अर्ज परत येत राहिले. अमेरिकेतल्या वैद्यकीय विद्यापीठात संशोधकाने बाहेरून पैसा आणावा, अशी अपेक्षा असते. प्रयोगशाळेच्या प्रत्येक चौरस फुटामागे किती डॉलर आले, असाही हिशेब तिथे होत असे, हे कारिको यांनी आपल्या आत्मचरित्रात लिहिलं आहे. १९९५मध्ये त्यांना खालच्या पदावर आणलं गेलं. त्याच सुमारास कर्करोगाच्या शंकेने त्यांच्या तपासण्या चालू होत्या आणि पती व्हिसाच्या अडचणीमुळे हंगेरीत अडकले होते.

तरीही त्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातच राहिल्या. बर्नाथन विद्यापीठ सोडून गेले, तेव्हा डेव्हिड लँगर या तरुण मेंदूशल्यविशारदाने आपल्या विभागात त्यांच्यासाठी जागा मिळवली. लँगर यांनी त्यांचं काम जवळून पाहिलं होतं. पुढच्या सगळ्या इतिहासात ही बाब फार महत्त्वाची ठरली. कारिको यांना वाचवलं ते कोणत्याही आकड्याने नव्हे. त्यांच्या शेजारी उभं राहून प्रयोग पाहिलेल्या एका माणसाने.

वाइसमन यांची ओळख झाली ती विद्यापीठातल्या झेरॉक्स मशीनपाशी, १९९०च्या दशकाच्या अखेरीस. वाइसमन हे रोगप्रतिकारशास्त्रज्ञ. त्यांना एचआयव्हीची लस शोधायची होती. कारिको यांनी तयार केलेला आरएनए त्यांनी डेंड्रायटिक पेशींना दिला. बाहेरून आलेलं काही दिसलं की रोगप्रतिकारशक्तीला जागं करणं हे या पेशींचं काम. पेशी खवळल्या आणि दाह निर्माण करणारी द्रव्यं त्यांनी भराभर सोडली. औषध म्हणून विचार केला तर ही वाईट बातमी होती. आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीत आरएनए असतो, मग शरीराने बाहेरून आलेल्या आरएनएलाच शत्रू का मानावं?

उत्तर सापडलं ते तुलनेसाठी ठेवलेल्या नमुन्यांत. आरएनएचे वेगवेगळे प्रकार पेशींना देऊन पाहिले, तेव्हा त्यांतला एक प्रकार, ट्रान्स्फर आरएनए, दिला तरी पेशी शांतच राहत होत्या. या आरएनएचं रासायनिक वैशिष्ट्य जैवरसायनशास्त्रज्ञांना आधीपासून ठाऊक होतं. त्याच्या घटकांपैकी बरेच घटक तयार झाल्यानंतर थोडे बदललेले असतात. उदाहरणार्थ, युरिडिनच्या जागी स्यूडोयुरिडिन. जिवाणूंच्या आरएनएत असे बदल कमी, आणि प्रयोगशाळेत तयार केलेल्या आरएनएत तर नाहीतच. कारिको आणि वाइसमन यांनी बदललेले घटक घालून आरएनए तयार केला आणि पुन्हा तीच चाचणी केली. दाह जवळजवळ थांबला. टोल-लाइक रिसेप्टर नावाचे पेशीतले पहारेकरी रेणू, विशेषतः तिसऱ्या, सातव्या आणि आठव्या क्रमांकाचे, या बदलांवरूनच आपलं-परकं ठरवतात, हे त्या निबंधात मांडलं होतं.

मूळ निबंध आजही वाचण्यासारखा आहे. प्रश्न साधा, प्रयोग सुटसुटीत, आणि प्रत्येक निष्कर्षामागे तुलनेचा नमुना उभा. विषयाची थोडीफार जाण असलेल्या कोणालाही २००५मध्येच दिसलं असतं, की आरएनएला औषध होण्यापासून रोखणारी मोठी अडचण इथे दूर झाली आहे. अट एकच होती: निबंध उघडून वाचण्याची.

आधी तो ‘नेचर’कडे पाठवला होता. चोवीस तासांत परत आला. आधीच्या ज्ञानात ही किरकोळ भर आहे, असा शेरा होता, असं कारिको यांनी नंतर सांगितलं. ‘इम्युनिटी’त छापून आल्यावर आता फोन खणखणू लागतील, असं दोघांना वाटत होतं. कोणी फोन केला नाही. व्याख्यानांची आमंत्रणं आली नाहीत, अनुदानाची दारं उघडली नाहीत.

पण काम थांबलं नाही, आणि याच भागाकडे सहसा दुर्लक्ष होतं. २००८मध्ये त्यांनी दाखवलं, की स्यूडोयुरिडिन घातलेला आरएनए दाह टाळतोच, शिवाय त्यापासून प्रथिनही अधिक बनतं. २०१०मध्ये त्याचं कारण मांडलं: परका आरएनए ओळखून प्रथिननिर्मिती बंद पाडणारं पेशीतलं एक विकर या बदललेल्या आरएनएमुळे तितकंसं चेतवलं जात नाही. २०११मध्ये आरएनएतली दुहेरी धाग्यांची भेसळ काढून टाकण्याची शुद्धीकरण पद्धत आली. २०१२चा प्रयोग शरीरक्रियाशास्त्राच्या दृष्टीने विलक्षण होता. लाल रक्तपेशी वाढवणाऱ्या एरिथ्रोपोएटिन या संप्रेरकाचा आरएनए त्यांनी उंदरांना एका मायक्रोग्रॅमहूनही कमी मात्रेत दिला आणि लाल पेशींचं प्रमाण वाढलं. जैवरसायनशास्त्रातला एक बारीक बदल, त्याने शांत राहिलेली रोगप्रतिकारशक्ती आणि अखेर रक्तात दिसणारा परिणाम, अशी ती साखळी पूर्ण झाली. शेदोनशे निबंधांच्या ढिगापेक्षा हे चार-पाच निबंध मोलाचे आहेत. एकाच प्रश्नाचा इतक्या चिकाटीने आणि इतक्या क्रमाने केलेला पाठपुरावा आजच्या विज्ञानात दुर्मीळ झाला आहे.

२०१३मध्ये कारिको पेनसिल्व्हेनिया सोडून जर्मनीतल्या बायोएनटेक कंपनीत गेल्या. त्या वेळी त्या कंपनीचं साधं संकेतस्थळही नव्हतं. विद्यापीठाने त्यांना प्राध्यापकपदाच्या योग्यतेचं मानलं नव्हतं, असं त्यांनीच सांगितलं आहे.

त्या काळातल्या समित्यांमध्ये कोणी दुष्ट माणसं बसली होती, असं समजण्याचं कारण नाही. त्यांच्यासमोर अनुदानाची रक्कम होती, निबंधांची संख्या होती, संदर्भांची संख्या होती. तिन्ही आकडे खरे होते. त्या आकड्यांत नव्हतं ते फक्त काम.

नोव्हेंबर २०२०मध्ये ४३ हजारांहून अधिक स्वयंसेवकांवरच्या चाचणीचा निकाल आला. फायझर-बायोएनटेकची लस सुमारे ९५ टक्के परिणामकारक ठरली होती. २ डिसेंबरला ब्रिटनने तिला परवानगी दिली. ती लस आणि मॉडर्नाची लस, दोन्हींमध्ये बदललेलं युरिडिनच वापरलं होतं. स्यूडोयुरिडिनचंच पुढचं रूप. क्यूरव्हॅक या जर्मन कंपनीने मात्र रासायनिक बदल न केलेला आरएनए वापरला होता. २०२१मध्ये तिच्या लसीची परिणामकारकता सुमारे ४८ टक्के निघाली. विषाणूचे नवे प्रकार, लसीची कमी मात्रा अशी इतर कारणंही त्यामागे होती, पण रासायनिक बदल नसल्यामुळेच मात्रा वाढवता आली नाही, असं अनेक तज्ज्ञांचं मत आहे. २ ऑक्टोबर २०२३ रोजी कारिको आणि वाइसमन यांना शरीरक्रियाशास्त्र किंवा वैद्यकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं.

आज त्या २००५च्या निबंधाचे संदर्भ हजारोंच्या घरात आहेत आणि त्यांतला मोठा भाग २०२०नंतर जमा झाला आहे. निबंधातलं एक अक्षरही बदललेलं नाही. २०१०मध्ये आणि २०२३मध्ये केवळ आकडा पाहून निर्णय घेणाऱ्या दोन समित्या याच निबंधाविषयी दोन अगदी वेगळी मतं देतील. काम तेच आणि निकाल वेगळा, असं ज्या मापाने होतं, त्या मापावर एखाद्याची नोकरी टांगणं अन्यायाचं आहे.

या सगळ्यात एक विलक्षण योगायोगही आहे. सायटेशन मोजण्याच्या आजच्या साऱ्या पद्धतीचा उगम त्याच फिलाडेल्फिया शहरातला. यूजीन गारफिल्ड यांनी १९५५मध्ये ‘सायन्स’मध्ये संदर्भसूचीची कल्पना मांडली, १९६१मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातूनच भाषाशास्त्रात पीएचडी घेतली आणि १९६४मध्ये ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ बाजारात आणला. कारिको ज्या विद्यापीठात पदावनत झाल्या, त्याच विद्यापीठाचा हा माजी विद्यार्थी. गारफिल्ड यांचा हेतू सरळ होता: एखादी कल्पना पुढे कोणी वापरली, कोणी खोडून काढली, हे वाचकाला शोधता यावं. इम्पॅक्ट फॅक्टरही (पत्रिकेतल्या निबंधांना मिळालेल्या संदर्भांची सरासरी) सुरुवातीला या सूचीत कोणत्या पत्रिका घ्यायच्या हे ठरवण्यासाठी होता. वाचायला मदत व्हावी म्हणून केलेलं साधन पुढे न वाचण्याची सोय बनलं. यात दोष साधनाचा कमी आणि ते वापरणाऱ्यांचा जास्त आहे.

संदर्भांचा आकडा नक्की काय मोजतो, हे जैवरसायनशास्त्राइतकं चांगलं दुसरं शास्त्र क्वचितच सांगेल. ‘नेचर’ने २०१४मध्ये सर्वाधिक संदर्भ मिळालेल्या शंभर निबंधांची यादी छापली. पहिला क्रमांक होता ऑलिव्हर लाउरी आणि सहकाऱ्यांच्या १९५१च्या निबंधाचा, तीन लाखांहून अधिक संदर्भांसह. दुसरा लेमली यांचा, १९७०चा. तिसरा ब्रॅडफर्ड यांचा, १९७६चा. बायोकेमिस्ट्रीच्या प्रात्यक्षिकांना बसलेल्या महाराष्ट्रातल्या कोणत्याही विद्यार्थ्याला ही तिन्ही नावं पाठ असतात. पहिला आणि तिसरा निबंध नमुन्यात प्रथिन किती आहे हे मोजण्याच्या पद्धतीचे, दुसरा प्रथिनं वेगळी करण्याच्या पद्धतीचा. हे निबंध अत्यंत उपयोगी आहेत, यात शंका नाही. पण आपला तो निबंध काही थोर नाही, हे स्वतः लाउरींनीच मोकळेपणाने मान्य केलं होतं. मेंदूच्या जैवरसायनशास्त्रात त्यांनी पुढे जे सखोल काम केलं, त्याच्या वाट्याला त्या संदर्भांचा अंशही आला नाही.

याचं भारतीय उदाहरण येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचं. १९२५मध्ये सायरस फिस्क यांच्याबरोबर त्यांनी फॉस्फरस मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. ती जगभरच्या प्रयोगशाळांत पोचली. त्यानंतर स्नायूंतलं फॉस्फोक्रिएटिन आणि पेशीची ऊर्जा वाहणारं एटीपी यांवर त्यांनी केलेलं काम शरीरक्रियाशास्त्राच्या मुळाशी जाणारं होतं. हार्वर्डने त्यांना कायमची जागा दिली नाही. १९४०मध्ये ते लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत गेले, आणि फॉलिक आम्ल, त्याविरुद्ध काम करणारी कर्करोगाची औषधं, टेट्रासायक्लिन गटातलं पहिलं प्रतिजैविक अशी कामं त्यांच्या देखरेखीखाली झाली. यांतल्या बऱ्याच निबंधांवर त्यांचं नाव ठळक नव्हतं. नावांची मोजणी करणाऱ्या कोणत्याही पद्धतीत सुब्बाराव बुटके दिसतील.

भारतात ही मोजणी नियमांत शिरली ती २०१०मध्ये. विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राध्यापकांच्या नेमणुका आणि बढत्यांसाठी एपीआय (अ‍ॅकॅडमिक परफॉर्मन्स इंडिकेटर) गुणांची पद्धत आणली. निबंध छापला की गुण, अधिक छापले की अधिक गुण. कॅस (करिअर अ‍ॅडव्हान्समेंट स्कीम) या योजनेखाली बढती हवी असलेल्या प्राध्यापकाला दरवर्षी गुणांची बेरीज मांडावी लागू लागली. मग पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या पत्रिकांचं पीक आलं. आयोगाने मान्यताप्राप्त पत्रिकांची यादी केली. तीतही अशाच पत्रिका शिरल्या. पुण्यातल्या सावित्रीबाई फुले विद्यापीठाचे भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये या यादीची छाननी प्रसिद्ध केली. विद्यापीठांनी सुचवलेल्या ज्या पत्रिका त्यांनी तपासल्या, त्यांपैकी सुमारे ८८ टक्के निकृष्ट दर्जाच्या असाव्यात, असा त्यांचा निष्कर्ष होता. ही छाननी ज्यांनी केली, त्यांनी त्या पत्रिका स्वतः उघडून तपासल्या होत्या, हे मुद्दाम सांगायला हवं. मे २०१८मध्ये आयोगाने चार हजारांहून अधिक पत्रिका यादीतून काढल्या. त्यानंतर आलेली ‘केअर’ यादी पुण्यातूनच चालवली जात होती. फेब्रुवारी २०२५मध्ये आयोगाने तीही बंद केली आणि पत्रिकांचा दर्जा पारखण्याची जबाबदारी संस्थांवर सोपवली.

संस्थांची क्रमवारी लावणाऱ्या एनआयआरएफमध्येही सर्वसाधारण गटात ३० टक्के वजन संशोधनाला आहे, आणि त्यातला मोठा भाग निबंध आणि संदर्भ यांच्या संख्येवर ठरतो. त्यामुळे कुलगुरूंपासून विभागप्रमुखांपर्यंत सगळ्यांची नजर आकड्यावर. आकडा वाढवण्याच्या युक्त्याही मग निघतातच: एकमेकांचे संदर्भ द्यायचे, स्वतःचेच द्यायचे, एका प्रयोगाचे चार तुकडे करून चार निबंध करायचे. हे केवळ भारतात घडतं असंही नाही. क्लॅरिव्हेट ही कंपनी दरवर्षी सर्वाधिक संदर्भ मिळालेल्या संशोधकांची यादी काढते; २०२३मध्ये संशयास्पद वर्तनामुळे तिला हजारांहून अधिक नावं वगळावी लागली.

या मोजणीच्या बाजूने एक युक्तिवाद आहे, आणि तो वजनदार आहे. आकडे नकोत, तर मग काय हवं? माणसाचा निवाडा? भारतात माणसाचा निवाडा म्हणजे वशिला, जात, ओळख, गट. हे खोटं नाही. मुलाखत समितीत आपला माणूस बसवणं, जाहिरात एखाद्याला बरोबर बसेल अशी काढणं, हे प्रकार महाराष्ट्रातल्या कोणत्याही होतकरू संशोधकाला कोणी शिकवावे लागत नाहीत. आकडा निदान आडनाव पाहत नाही, ही भावना त्यातूनच येते आणि ती समजण्यासारखी आहे.

पण याच प्रश्नाचं एक उत्तर मराठी माणसाच्या अगदी जवळचं आहे. कमला भागवत, म्हणजे पुढे कमला सोहोनी. दुर्गा भागवत यांच्या त्या बहीण. १९३३मध्ये मुंबई इलाख्यात बी.एस्सी.ला पहिल्या येऊनही बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रमण यांनी त्यांना प्रवेश नाकारला, कारण त्या स्त्री होत्या. त्या हटल्या नाहीत. अखेर रमण यांनी अटी घातल्या: वर्षभर काम पाहू, दर्जाची खात्री पटेपर्यंत ते अधिकृत मानलं जाणार नाही. कमलाबाईंनी ते वर्ष काढलं. काम पाहिल्यावर रमण यांचं मत बदललं आणि संस्थेचं दार पुढच्या मुलींसाठीही उघडलं. १९३९मध्ये केंब्रिजहून वनस्पतींतल्या सायटोक्रोम-सीवरच्या संशोधनासाठी पीएचडी मिळवणाऱ्या कमलाबाई विज्ञानात डॉक्टरेट मिळवणाऱ्या सुरुवातीच्या भारतीय महिलांपैकी एक ठरल्या.

रमण यांचा पूर्वग्रह संतापजनक होता. त्यांच्यासारख्या माणसानेही न वाचता, न पाहता निवाडा केला, तेव्हा तो चुकला. आणि तो बदलला तो प्रत्यक्ष काम समोर आल्यावर. माणसाच्या निवाड्यावरचा उपाय म्हणजे त्याला कामाशी बांधून घालणं. त्याच्या जागी आकडा आणून बसवला, की काम पाहण्याची उरलीसुरली सक्तीही जाते. आणि वशिला जात नाहीच, तो फक्त कोणत्या पत्रिकेला किती गुण द्यायचे या तक्त्यात शिरतो.

कमलाबाईंचं पुढचं कामही इथे आठवायला हवं. मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांनी नीरा, कडधान्यं, गरिबांच्या ताटातलं पोषण यांवर वर्षानुवर्षं संशोधन केलं. आरे दूध प्रकल्पाला दर्जा सुधारण्यासाठी सल्ला दिला. अशा कामाचा उपयोग पालघर-डहाणूच्या कुपोषित मुलाला होऊ शकतो. बोस्टनमधल्या प्रयोगशाळेला त्याचा संदर्भ देण्याचं कारण पडत नाही. संदर्भ किती मिळाले एवढंच पाहायचं ठरवलं, तर स्थानिक आजार, स्थानिक अन्न, स्थानिक माती यांवर काम करणारा संशोधक दरवेळी मागे पडणार. महाराष्ट्राला सिकलसेलवर, विंचूदंशावर, कुपोषणावर संशोधन हवं आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांचं विंचूदंशावरचं संशोधन ‘लॅन्सेट’मध्ये छापलं गेलं, पण त्याची खरी किंमत कोकणातल्या घरांमध्ये वाचलेल्या मुलांवरून कळते.

पुण्यातही कारिको यांच्या कामाची एक शाखा येऊन पोचली आहे. जिनोव्हा बायोफार्मास्युटिकल्सने भारतातली पहिली एमआरएनए लस तयार केली. जून २०२२मध्ये तिला आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. ती साध्या शीतपेटीच्या तापमानात, २ ते ८ अंश सेल्सियसला टिकते. हे तंत्र आता क्षयरोग, मलेरिया, कर्करोग यांच्यासाठी जगभर आजमावलं जात आहे. त्यातल्या पुढच्या अडचणी सोडवणारी एखादी मुलगी आज सोलापूर किंवा नांदेडच्या प्रयोगशाळेत काम करत असेल, तर तिच्या हातात बहुधा दोन-तीनच निबंध असतील आणि संदर्भ नगण्य. तिला पारखणारी समिती काय पाहणार, यावर बरंच काही अवलंबून आहे.

बाहेरच्या जगाने यावर विचार केला आहे. २०१२मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जमलेल्या संपादकांनी आणि संशोधकांनी ‘डोरा’ नावाचा जाहीरनामा केला: माणसाची पारख करताना पत्रिकेचा इम्पॅक्ट फॅक्टर वापरू नये, निबंधातलं विज्ञान पाहावं. भारतातल्या काही अनुदान संस्थांनीही त्यावर सही केली आहे. सह्यांच्या पुढे जाण्यासाठी राज्यातल्या विद्यापीठांना आत्ता मोकळीक आहे. ‘केअर’ यादी गेली, पीएचडीसाठी निबंध छापण्याची सक्ती २०२२मध्येच गेली. आता प्रत्येक विद्यापीठ स्वतःची नवी यादी आणि स्वतःचा नवा गुणतक्ता करत बसलं, तर जुनाच खेळ नव्या नावाने चालू होईल.

त्याऐवजी कुलगुरूंनी येत्या भरतीत एवढंच करून पाहावं. उमेदवाराकडून त्याच्या मते सर्वांत चांगले तीन निबंध मागवावेत, बाकीची यादी बाजूला ठेवावी. प्रत्येक निबंधात नवं काय सापडलं आणि उमेदवाराचा स्वतःचा वाटा काय, हे त्याने मराठीत किंवा इंग्रजीत एका पानात लिहून द्यावं. समितीतल्या निदान दोन सदस्यांनी ते निबंध मुलाखतीआधी वाचावेत, त्यांतला एक त्याच विषयाचा आणि एक शेजारच्या विषयाचा असावा. त्यांनी काय वाचलं आणि काय मत झालं, याची सहीनिशी नोंद इतिवृत्तात यावी आणि नाकारलेल्या उमेदवाराला ती मागता यावी. सायटेशनचा आकडा हवाच असेल, तर तो या नोंदीनंतर उघडावा. यासाठी नवा कायदा लागत नाही, निधी लागत नाही. सदस्यांचे दोन दिवस लागतात, आणि तेवढे द्यायची ज्यांची तयारी नसेल त्यांनी समितीवर बसू नये.